बॉक्स काढा, टेन्शन सोडा!

'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं परभणीकर कॉलर ताठ करून सांगतात. पण गणिताचा विषय निघाला की जर्मनीला जरा बाजूला सारून सिंगापूरचं नाव घ्यावं लागतं. तिथे प्राथमिक शाळेतल्या मुलांना शाब्दिक उदाहरणांसाठी एक्स-वाय नाही, साध्या आडव्या पट्ट्या काढायला शिकवतात. यालाच म्हणतात 'बार मॉडेल'. 1980च्या दशकात खो टेक हाँग यांच्या टीमने ते तिथल्या पाठ्यपुस्तकांत आणलं. 1995च्या 'टिम्स' या आंतरराष्ट्रीय चाचणीत सिंगापूर गणितात पहिलं आलं आणि मग सगळ्या जगाला त्या पट्ट्या दिसायला लागल्या.

तुम्हाला त्याचं काय? आहे ना बॉस! दिवाळीला देवगिरी एक्स्प्रेस पकडून घरी गेलात की भाचा वही घेऊन येतोच, 'मामा, इथे बेरीज करायची की वजाबाकी?' सगळी गोची या प्रश्नात आहे. 'जास्त' दिसलं की बेरीज, 'उरले' दिसलं की वजाबाकी, असं आपणही घोकलेलं असतं. मग 'सुमनकडे 24 बोरं, रमेशपेक्षा 6 जास्त, तर रमेशकडे किती?' याचं उत्तर पोरगं ठोकून देतं, 30! दोन पट्ट्या एकाखाली एक काढायला लावा. सुमनची लांब, रमेशची 6 ने आखूड. रमेशकडे 18, हे त्याला सांगावं लागत नाही, दिसतं.

आता जरा देशी मामला. समजा, मानवतच्या मोंढ्यात दोघा भावांनी मिळून 48 क्विंटल कापूस आणला. थोरल्याचा धाकट्याच्या तिप्पट. थोरल्याने किती दिला की दोघांचा सारखा होईल? थोरल्याचे तीन खण, धाकट्याचा एक. चार खण म्हणजे 48, एक खण 12. थोरल्याकडे 36, धाकट्याकडे 12, फरक 24, म्हणून 'चोवीस द्या' असं भले भले पदवीधर सांगतात. चित्रात बघा, एकच खण इकडून तिकडे सरकवला की दोन-दोन होतात. उत्तर 12.

आपल्या आजोबांना यात नवं काही वाटलं नसतं म्हणा. सोळा आण्यांचा रुपया धरून 'शेतात माझा चार आणे हिस्सा' म्हणणारा माणूस मनातल्या मनात पट्टीच कापत असतो की!

आणि भास्कराचार्य? 1150च्या सुमारास लिहिलेल्या 'लीलावती'त भुंग्यांचं एक झकास कोडं आहे. थव्याचा पाचवा हिस्सा एका फुलावर, तिसरा हिस्सा दुसऱ्यावर, या दोन हिश्शांतल्या फरकाची तिप्पट तिसऱ्यावर, आणि एक भुंगा नुसताच भिरभिरतोय. एकूण किती? पाच आणि तीन दोघांनीही भाग जाईल अशी 15 खणांची पट्टी काढा. 3 गेले, 5 गेले, फरक 2, त्याची तिप्पट 6. झाले 14. उरला एक खण, म्हणजे तोच एकटा भुंगा. थवा 15 चा! सोयीची संख्या धरून चालायच्या या युक्तीला भास्कराचार्य इष्टकर्म म्हणतात. चाळीसगावजवळच्या पाटणला 1207चा शिलालेख आहे. त्यांचे ग्रंथ शिकवायला नातवाने मठ काढल्याचं त्यात कोरलंय.

अर्थात पट्टी म्हणजे जादूची कांडी नव्हे. वर्गसमीकरण आलं की ती हात टेकते, तिथे एक्सच हवा. पण तोवर एक्स म्हणजे आपला तो एक खण, एवढं पोराला कळलेलं असतं. आणि प्लीज, सोप्या बेरजेलाही पट्टी काढ म्हणून त्याच्या मागे लागू नका, वैतागेल बिचारं.

जाता जाता एक तुमच्यासाठी, पेन्सिल घ्या. पगाराचे दोन-पंचमांश भाड्यात गेले, उरलेल्याचा एक-तृतीयांश बाइकच्या हप्त्यात, हातात राहिले 12,000. पाच खण काढा, दोन भाड्याचे, एक हप्त्याचा, दोन तुमचे. खण 6,000 चा, पगार 30,000. हप्ता संपला की आणखी एक खण तुमचा!