सुट्टीतलं गोल्फ: टी निवडताना जरा थांबा!

अमेरिकेत साउथ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर कियावा नावाचं बेट आहे. तिथल्या रिसॉर्टचा 'ओशन कोर्स' पीट डाय यांनी १९९१ च्या रायडर कपसाठी बांधला. २०२१ मध्ये फिल मिकलसनने वयाच्या पन्नाशीत पीजीए चॅम्पियनशिप जिंकली, ती इथंच. आणि फी भरली की तुम्ही-आम्हीसुद्धा इथं खेळू शकतो. गोची तिथंच होते!

इथला खरा प्रतिस्पर्धी म्हणजे वारा. पीट यांच्या पत्नी ॲलिस डाय यांनी सुचवलं, की मैदान उंच करा, म्हणजे खेळताना समुद्र दिसेल. समुद्र दिसला, पण टेकड्यांचा आडोसा गेला. त्यात वाऱ्याची दिशाही बदलती. काल सात नंबरची आयर्न पुरली, तिथं आज वूड काढावी लागते.

मग करायचं काय? स्कोअरकार्डवर 'स्लोप' बघा. हा आकडा ५५ ते १५५ असतो, मधला मानला जातो ११३. प्रत्येक टीचा स्लोप वेगळा असतो, म्हणजे मैदान किती छळणार हे थोडंफार तुमच्याच हातात आहे. एक सोपा हिशेब सांगतो. तुमची पाच नंबरची आयर्न जितके यार्ड जाते, त्याला ३६ ने गुणा. १५० यार्ड जात असेल तर ५४०० यार्डांच्या आसपासची टी घ्या.

मागच्या टीवरून फोटो जरूर काढा. खेळायचं मात्र पुढून. नाहीतर सुट्टीचा अख्खा दिवस चेंडू शोधण्यातच जायचा!