आकसलेल्या लोकरीची टोपी



वसतिगृहात राहून बी.ए. करत असताना पहिल्याच हिवाळ्यात मी एक पराक्रम केला. आईने दोन महिने खपून विणलेला लोकरीचा स्वेटर कढत पाण्याच्या बादलीत टाकला आणि साबण लावून खसाखसा घासला. वाळल्यावर तो माझ्या धाकट्या भावालाही होईना. सुट्टीत घरी आलो तो पेटीच्या तळाशी लपवून. पण आईच्या हाती लागलाच. ती रागावली नाही. कापड बोटांत चोळून म्हणाली, "अरे, याचा तर नमदा झाला! आता यातून वारा शिरायचा नाही." त्याच स्वेटरचे तिने चहाच्या किटलीसाठी आच्छादन शिवले.

मागच्या महिन्यात हस्तकलेच्या तासाला सातवीच्या एका विद्यार्थिनीने चित्र दाखवून विचारले, "सर, या टोपीला शिवण कशी नाही?" चित्र स्कॉटलंडच्या 'बॉनेट'चे होते आणि उत्तर माझ्या त्या बिघडलेल्या स्वेटरमध्येच होते.

ही चपटी, गोल, बहुधा निळी टोपी स्कॉटलंडमधील सामान्य माणसाची. शेतकरी आणि मेंढपाळ ती घालत. १७४५ च्या जॅकोबाइट उठावात तिच्यावर पांढऱ्या फितीचे फूल लावणे ही बंडखोरांची खूण होती. टोप्या विणणे हा पुरुषांचाही व्यवसाय होता. कारागिरांचे संघ होते आणि किल्मार्नॉकजवळच्या स्टुअर्टन गावाला 'टोप्यांचे गाव' असेच म्हणत. निळा रंग पूर्वी 'वोड' नावाच्या वनस्पतीपासून काढत, पुढे नीळ वापरू लागले. रॉबर्ट बर्न्सची 'टॅम ओ' शँटर' ही कविता १७९१ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या नायकाच्या नावाने या टोपीचा गोंडेवाला प्रकार आजही ओळखला जातो.

आता विज्ञान. मेंढीच्या लोकरीच्या तंतूवर माशासारखे सूक्ष्म खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घासणे या तिन्हींमुळे तंतू सरकतात, खवले एकमेकांत अडकतात आणि पुन्हा सुटत नाहीत. टाके दिसेनासे होतात, कापड जाड होते आणि आकसते. म्हणून बॉनेट आधी डोक्यापेक्षा बरीच मोठी विणतात आणि मग मुद्दाम आकसवतात. स्वेटरचे जे नुकसान, तीच टोपीची कारागिरी!

लोकर मात्र शंभर टक्के मेंढीची हवी. आपल्याकडे कॅशमिलॉन म्हणून मिळते ती अ‍ॅक्रिलिक. ती कितीही घासा, आकसत नाही. 'मशीनमध्ये धुता येईल' असे लिहिलेली लोकरही नको, कारण तिचे खवले आधीच निकामी केलेले असतात. शंका असल्यास मोठ्यांच्या देखरेखीत एक धागा जाळून पाहावा. खऱ्या लोकरीला जळक्या केसांचा वास येतो व राख होते. अ‍ॅक्रिलिक वितळून त्याची कडक गोळी होते.

प्रथम नमुन्याचा चौकोन विणावा, मोजावा, आकसवावा आणि पुन्हा मोजावा. समजा, २० सेंमी रुंदीचा चौकोन १५ सेंमी झाला, म्हणजे तीन-चतुर्थांश उरला. डोक्याचा घेर ५२ सेंमी असेल तर विणताना सुमारे ७० सेंमी हवा. १० सेंमीत १६ टाके बसत असतील तर ११२ टाके झाले. हेच आपले त्रैराशिक! प्रत्येकाच्या हाताचा ताण वेगळा असतो, म्हणून हे आकडे उदाहरणादाखल समजावेत.

जाड गोल सुईवर ११२ टाके (आपल्या बायका इथे ज्यांना फंदे म्हणतात) घालून, पीळ न पडू देता जोडावेत आणि ६ सेंमी साधे विणावे. ही पट्टी पुढे आत दुमडायची आहे. मग दर दोन टाक्यांमागे एक टाका वाढवून १६८ करावेत आणि ८ सेंमी सरळ विणावे. त्यानंतर गोलाचे आठ भाग पाडून, एक फेरी सोडून एका फेरीत प्रत्येक भागातील एक टाका कमी करत जावे. आठ टाके उरले की त्यांतून धागा ओवून घट्ट ओढावा. शिवण कुठेच नाही. विणून झालेली टोपी सैल पिशवीसारखी दिसते, घाबरू नये.

आता रबरी हातमोजे घालून टबमध्ये सोसवेल इतक्या गरम पाण्यात साबण घालून ती चोळावी. पंधरा-वीस मिनिटे काहीच होत नाही असे वाटते, मग एकाएकी कापड घट्ट होऊ लागते. तेव्हापासून दर दोन मिनिटांनी डोक्याचे माप पाहावे. कमी आकसली तर पुन्हा चोळता येते. जास्त आकसली तर मोठी करणे कठीण. माप जमल्यावर साबण काढून टॉवेलमध्ये दाबावी, आत २५ सेंमीची जेवणाची ताटली घालून सावलीत वाळवावी. शेवटी पट्टी दुमडून शिवावी आणि वर गोंडा लावावा. स्कॉटलंडमध्ये त्याला 'टूरी' म्हणतात. आपल्या 'तुऱ्या'शी हे साम्य केवळ योगायोगाचे, पण लक्षात ठेवायला सोपे.

काही पालकांनी सुचवले आहे की हस्तकलेचा तास बंद करून तो गणिताला द्यावा. त्यांची काळजी मी समजू शकतो. परंतु या एका टोपीत त्रैराशिक आहे, विज्ञान आहे, इतिहास आहे. आणि चूक होण्याआधी नमुना करून पाहण्याची सवय आहे, जी कोणत्याच प्रश्नपत्रिकेतून लागत नाही. विश्वस्त मंडळाने निर्णयापूर्वी एकदा या तासाला येऊन बसावे, ही नम्र विनंती.

विद्यार्थ्यांनी, मुलांनीसुद्धा, या हिवाळ्यात गच्चीवर उन्हात विणत बसलेल्या आजीकडून टाके घालायला शिकावे. माझी आई आता नाही. तिच्याकडून विणणे शिकायचे माझे राहूनच गेले.

आपला,
प्राचार्य