नव्या मोटारीचें दुखणें

जुन्या वस्तूचें दुखणें माणूस सोसतो. नव्या वस्तूचें मात्र त्याला सोसवत नाहीं. जुना पंखा कुरकुरला किंवा जुनें घड्याळ मागें पडलें, तर आपण त्याच्या वयाकडे पाहून त्याला क्षमा करितों. परंतु कर्ज काढून, मुहूर्त पाहून, चाकांखालीं लिंबें ठेवून घरीं आणलेली मोटार तिसऱ्याच महिन्यांत भर उन्हांत रस्त्यावर उभी राहिली, म्हणजे नुसतें पैशाचें नुकसान झालें असें वाटत नाहीं; आपल्या विश्वासालाच कोणी धक्का दिला असें वाटूं लागतें. आणि त्यावर दुरुस्तीच्या कारखान्यांतून ‘कांहीं दोष आढळला नाहीं’ असा कागद हातीं पडला, म्हणजे तर दुखणें मोटारीचें कीं मालकाच्या डोक्याचें, असा प्रश्न शेजारीपाजारी विचारूं लागतात. हें दुखणें पुष्कळ घरांत असतें. म्हणून त्याचें निदान व उपचार यांविषयीं थोडें सविस्तर लिहिण्याचें योजिलें आहे.

मोठ्या शहरांत मोटार बिघडली तर रिक्षा असते, आगगाडी असते. आमच्या चोपड्यास तसें नाहीं. तापीच्या उत्तरेस, सातपुड्याच्या पायथ्याशीं केळीच्या बागांत वसलेला हा तालुका. गांवाला आगगाडी नाहीं. मोठे दवाखाने, जिल्ह्याच्या कचेऱ्या आणि मोटारीच्या कंपनीचा अधिकृत कारखाना, हें सारें पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर जळगांवीं. म्हणजे मोटार बिघडली कीं तिला दुसऱ्या गाडीला बांधून अडावद, धानोरें करीत तापीच्या पुलापलीकडे न्यावें लागतें. दुरुस्ती ‘विनामूल्य’ असली, तरी तिच्यापर्यंत पोंचणें विनामूल्य नसतें. घरांतील एका कर्त्या माणसाचा पुरा दिवस तींत जातो, आणि दोन दिवसांनीं गाडी आणावयास पुन्हा तेवढीच यातायात होते.

आमचें घर अकरा माणसांचें. तात्यांना अठ्ठ्याहत्तरावें वर्ष चालू आहे. त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याला वयोमानानें विकार झाला असून, त्यासाठीं ठराविक मुदतीनें जळगांवीं डोळ्यांत इंजेक्शन घ्यावें लागतें. मोटार घेण्याचें खरें कारण तेंच. गाडीची किंमत दहा लाखांवर गेली. धाकट्या बंधूंनीं बँकेचें कर्ज काढलें व उरलेली भर सर्वांनीं मिळून घातली. कंपनीचें व विक्रेत्याचें नांव येथें देण्याचें प्रयोजन नाहीं. कारण आमचा हेतु कोणाची निंदा करण्याचा नाहीं, आणि ही हकीकत थोड्याफार फरकानें कोणत्याहि कंपनीच्या गाडीविषयीं सांगतां येईल.

गाडीचा रोग विलक्षण होता. चालतां चालतां ती एकाएकीं आचके देई व बंद पडे. अर्धा-पाऊण तास रस्त्याच्या कडेला उभी राहिली कीं मुकाट्यानें पुन्हा सुरू होई. कारखान्यांतील माणूस येऊन पाहीपर्यंत ती अशी शहाण्यासारखी चाले कीं आम्हांसच संकोच वाटे. पांच वेळां ती कारखान्यांत गेली; पांचहि वेळां परत आली. एकदां ‘संगणकीय प्रणाली अद्ययावत केली’ असें लिहून आलें, एकदां ‘पेट्रोल चांगलें नसावें’ असें तोंडीं सांगण्यांत आलें, आणि तीन वेळां तें ठरलेलें वाक्य: दोष आढळला नाहीं.

एप्रिल महिन्यांत तात्यांना घेऊन जात असतां धानोऱ्याच्या पुढें गाडी थांबली. उन्हाचा कहर चालला होता. एस्. टी. मिळून जळगांवीं पोंचेपर्यंत डॉक्टरांची वेळ टळून गेली होती, आणि पुढची वेळ मिळाली ती तीन आठवड्यांनीं. या अवधींत तात्यांच्या उजव्या डोळ्याची दृष्टि आणखी मंदावली. ती केवळ या उशिरामुळेंच मंदावली असें म्हणतां येत नाहीं, असें डॉक्टरांनीं प्रामाणिकपणें सांगितलें. परंतु पूर्वीं रोज सकाळीं तात्या वर्तमानपत्र मोठ्यानें वाचीत व घर ऐके. आतां पुतण्या वाचतो आणि तात्या ऐकतात.

या दुखण्याचें निदान कारखान्यांतील यंत्रानें केलें नाहीं. तें केलें आमच्या काकूंच्या वहीनें. दूधवाल्याचा व धोब्याचा हिशेब ज्या वहींत त्या लिहितात, तिच्याच मागच्या पानांवर त्यांनीं मोटारीचीं टिपणें ठेविलीं होतीं. तारीख, वेळ, गाडी किती किलोमीटर चालली, टाकींत पेट्रोल किती, ऊन कसें, गाडींत कोण होतें, कोठें बंद पडली, किती वेळानें सुरू झाली, आणि कारखान्यानें काय सांगितलें. अशीं आठ टिपणें जमल्यावर एका रात्रीं सर्वांनीं तीं एकत्र वाचलीं. आठहि वेळां वेळ दुपारची होती. आठहि वेळां गाडी चाळीस किलोमीटरांहून अधिक सलग चाललेली होती. आणि आठहि वेळां टाकींत पाव हिश्श्याहून कमी पेट्रोल होतें. हिंवाळ्यांतल्या सकाळीं ती एकदांहि अडली नव्हती.

यांतील मर्म असें. आजच्या मोटारींत पेट्रोल वर ओढणारा पंप टाकीच्या आंतच बसविलेला असतो व तो विजेवर चालतो. भोंवतालचें पेट्रोलच त्याला थंड ठेवितें. पेट्रोल कमी झालें व ऊन वाढलें कीं पंप अधिक तापतो. निकोप पंप एवढ्यानें डगमगत नाहीं. परंतु पंपाच्या घडणींत कांहीं उणीव असेल तर तो अशा वेळीं धीर सोडतो, व थंड झाला कीं पुन्हा कामाला लागतो. कारखान्यांत मात्र गाडी रात्रभर सावलींत राही व सकाळीं नऊ वाजतां तपासली जाई. मग दोष आढळावा कसा? ताप दुपारीं भरणाऱ्या रोग्याला रोज पहांटे तपासलें, तर वैद्याला तो निरोगीच दिसावयाचा.

आम्हीं वहीचीं पानें जोडून कारखान्यास लेखी कळविलें कीं, तपासणी दुपारीं, टाकींत पेट्रोल थोडें ठेवून, इंधनाच्या नळीला दाबमापक लावून व आमच्या घरच्या माणसासमक्ष व्हावी. सहाव्या खेपेस तसें करण्यांत आलें. पन्नासाव्या किलोमीटरच्या सुमारास दाबमापकाचा कांटा खालीं आला. पंप विनामूल्य बदलून मिळाला. पहिल्या बिघाडापासून या दिवसापर्यंत दहा महिने गेले होते.

आतां थोडें मागें वळून पाहूं. एके काळीं मोटार ही कोणाहि हुशार मिस्त्र्याला उघडतां येणारी वस्तु होती. जनरल मोटर्सनें १९२८ सालीं मुंबईस शिवडी येथें सुटे भाग जोडून मोटारी तयार करण्यास प्रारंभ केला. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीची पहिली मोटार १९४७ सालीं कुर्ल्याच्या कारखान्यांतून बाहेर पडली. पुढें त्याच कंपनीची ‘पद्मिनी’ घराघरांत ओळखीची झाली. ती बिघडत नसे असें नाहीं. परंतु बिघाड डोळ्यांना दिसे आणि गांवचा मिस्त्री तो पान्यानें दुरुस्त करी. आजची गाडी पुष्कळ सुरक्षित व काटकसरी आहे, परंतु तिच्यांत ठायीं ठायीं विजेचे संवेदक व संगणक बसले आहेत. शिवाय हमीच्या मुदतींत बाहेरच्या मिस्त्र्यानें हात लाविला, तर त्या भागावरील हमी नाकारण्यास कंपनीला निमित्त मिळतें. मालक असा दुहेरी बांधला जातो: आपला मिस्त्री चालत नाहीं, आणि त्यांच्या मिस्त्र्याला दोष सांपडत नाहीं.

हमी म्हणजे काय, हेंहि नीट समजून घेतलें पाहिजे. हमी ही कंपनीनें दिलेली लेखी कबुली. ती बहुधा एवढेंच सांगते कीं, अमुक वर्षें किंवा अमुक किलोमीटर, यांपैकीं जें आधीं पुरें होईल तोंवर, सदोष भाग दुरुस्त करून अथवा बदलून देऊं. झिजणारे भाग, उदाहरणार्थ ब्रेकचे पॅड, क्लचची तबकडी, वायपर, हे प्रायः तींत येत नाहींत. संबंध गाडी बदलून देण्याचें वचन तींत नसतें. सर्वोच्च न्यायालयानें २००६ सालीं क्लचच्या दोषासंबंधींच्या एका खटल्यांत हाच मुद्दा धरिला. हमी भाग बदलण्याची असेल तर गाडी बदलून मागतां येणार नाहीं, असा त्या निर्णयाचा आशय आहे. मूळ घडणींतच दोष आहे असें तज्ज्ञाच्या तपासणीनें सिद्ध झालें, तर मात्र किंमत परत मिळण्याचा मार्ग मोकळा राहतो.

अमेरिकेंत सतत बिघडणाऱ्या नव्या गाडीला ‘लिंबू’ म्हणतात. कनेक्टिकट राज्यानें १९८२ सालीं अशा गाड्यांसाठीं स्वतंत्र कायदा केला, आणि पुढें इतर राज्यांनींहि केले. ठराविक वेळां दुरुस्ती करूनहि दोष राहिला, तर गाडी बदलून द्यावी किंवा पैसे परत करावे, असें त्यांचें सूत्र आहे. आपल्याकडे लिंबू चाकाखालीं असतें, कायद्यांत नसतें! किती वेळां दुरुस्ती फसली म्हणजे पुरे, याचा आंकडा आपल्या कायद्यानें ठरविलेला नाहीं. म्हणून पुराव्याचें ओझें ग्राहकाच्या खांद्यावर येतें.

तरीहि आपण अगदींच निराधार नाहीं. पुण्यास १९७४ सालीं बिंदुमाधव जोशी यांनीं ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली, आणि १९८६ सालीं ग्राहक संरक्षणाचा कायदा झाला. त्याच्या जागीं आलेला २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून अमलांत आहे. त्यांतील पुढील गोष्टी प्रत्येक घरानें ध्यानांत ठेवण्याजोग्या आहेत. वस्तूसाठीं दिलेली किंमत पन्नास लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगाकडे करावयाची. ग्राहक जेथें राहतो त्या जिल्ह्यांत ती करतां येते. म्हणजे चोपड्याच्या माणसाला कंपनीच्या पाठीमागें दिल्लीस किंवा चेन्नईस धांवण्याचें कारण नाहीं, जळगांव पुरे. तक्रारीचें कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आंत ती दाखल झाली पाहिजे. वकील दिलाच पाहिजे असें नाहीं. दोष साध्या पाहणीनें कळण्यासारखा नसेल, तर वस्तु योग्य प्रयोगशाळेकडे तपासणीस पाठविण्याचा अधिकार आयोगास आहे. आयोगाकडे जाण्यापूर्वीं राष्ट्रीय ग्राहक साहाय्य केंद्राच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवितां येते. पुष्कळदां तेवढ्यानेंहि कंपनीची झोंप उडते.

गोव्यांतील एका खटल्यापासूनहि शिकण्यासारखें आहे. २००९ सालीं तयार झालेली व सहाशेंहून अधिक किलोमीटर चाललेली मोटार तेथें २०११ सालीं नवी म्हणून एका ग्राहकाच्या पदरीं पडली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें. विक्रेत्याच्या कृत्याची माहिती कंपनीला होती असें सिद्ध झाल्याशिवाय तिला जबाबदार धरतां येत नाहीं, असें न्यायालयानें २०२१ सालीं ठरविलें. तात्पर्य, गाडी ताब्यांत घेण्यापूर्वींच विक्रीच्या दाखल्यावरील निर्मितीचा महिना व वर्ष आणि किलोमीटरचा आंकडा पहावा. आणि तक्रार करतांना कंपनी व विक्रेता या दोघांनाहि सामील करावें.

आणखी एक गोष्ट खरेदीपूर्वींच विचारांत घ्यावी. हमी देणारा स्वतःच उठून गेला तर? कल्याणच्या कारखान्यांतील भागीदारी सोडून प्यूजो कंपनी १९९७ सालीं निघून गेली. जनरल मोटर्सनें २०१७ अखेर या देशांतील विक्री थांबविली. फोर्डनें २०२१ सालीं येथील उत्पादन बंद करण्याचें जाहीर केलें. अशा वेळीं गाडी मालकाच्या दारांत राहते आणि सुट्या भागांची काळजी मालकाच्या उशाशीं. म्हणून गाडीच्या रंगापूर्वीं तिच्या कारखान्याचें अंतर विचारावें.

पंप बदलल्यानंतर आम्हीं गाडी ओढून नेण्याचा खर्च व हमीची वाढीव मुदत मागितली. प्रथम नकार आला. १९१५ वर तक्रार नोंदविल्यानंतर वहीच्या प्रतींसह पुन्हा लिहिलें, तेव्हां खर्चाचा बराचसा भाग मिळाला व हमी एका वर्षानें वाढली. आयोगाकडे जावें कीं नाहीं यावर घरांत दोन रात्री चर्चा झाली. बंधूंचें मत जावें असें होतें. तात्या म्हणाले, ‘‘मिळायचं तें मिळालं. जें गेलं त्याची किंमत तिथल्या कागदावर मांडतां येणार नाहीं.’’ वडिलांचा शब्द मानून प्रकरण तेथेंच मिटविलें. परंतु प्रत्येक घरानें असेंच करावें असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. ज्याचा दोष अजून दूर झालेला नाहीं, त्यानें दोन वर्षांची मुदत डोळ्यांपुढें ठेवून अवश्य आयोगाचें दार ठोठवावें.

वाचकांस, आणि विशेषतः घरचा हिशेब सांभाळणाऱ्या वाचकभगिनींस, आमची विनंती एवढीच. गाडी कारखान्यांत देतांना आपली तक्रार आपल्या शब्दांत तेथील नोंदपत्रकावर लिहवून घ्यावी व त्याची प्रत घ्यावी. तोंडी आश्वासनास तोंडी आभार मानावे, पण त्याच दिवशीं तें लेखी कळवून ठेवावें. बदललेल्या भागाचें नांव व क्रमांक मागून घ्यावा. बिघाडाच्या वेळीं भ्रमणध्वनीवर चित्र घ्यावें. आणि वही ठेवावी. रागानें बोललेलें दुसऱ्या दिवशीं विरून जातें. वहींत लिहिलेलें दहा महिन्यांनींहि साक्ष देतें. मोठ्या कंपनीपुढें एकटें कुटुंब दुबळें असतें हें खरें. परंतु ज्या घरांत दुधाच्या रतिबाचा हिशेब चुकत नाहीं, तें घर वाटतें तितकें दुबळें नसतें.