रेशनचे धान्य: कोणाला, किती आणि कुठे

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ साली संमत झाला आणि १ फेब्रुवारी २०१४ पासून महाराष्ट्रात लागू झाला. तेव्हापासून रेशनचे धान्य ही मेहेरबानी उरली नाही, तो हक्क झाला. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतले स्वस्त धान्य दुकान याच कायद्याने चालते.

कायद्यात लाभार्थींचे दोन गट आहेत. अत्यंत गरीब कुटुंबे अंत्योदय गटात येतात. घरात माणसे कितीही असोत, त्यांना महिन्याला ३५ किलो धान्य मिळते. प्राधान्य गटात माणशी ५ किलो मिळते, म्हणजे सहा जणांच्या घराला ३० किलो. एक नाव राहिले की पाच किलो गेले. म्हणून नवी सून किंवा लहान मूल यांचे नाव तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेतून वेळेवर चढवून घ्यावे लागते.

नुसत्या कार्डाच्या रंगावरून हक्क ठरत नाही. केशरी कार्ड वर्षाला एक लाखापर्यंत उत्पन्न असलेल्यांना मिळते; प्राधान्य गटाची मर्यादा मात्र खेड्यात ४४ हजार आणि शहरात ५९ हजार रुपये आहे. त्यामुळे शेजारीशेजारी दोन केशरी कार्डे असूनही एकाच घरात धान्य येते. कायद्यानुसार कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या सर्वांत मोठ्या, १८ वर्षे पूर्ण झालेल्या स्त्रीचे नाव लागते.

पूर्वी तांदूळ ३, गहू २ आणि भरड धान्य १ रुपया किलो होते. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. जानेवारी २०२४ पासून ही सवलत आणखी पाच वर्षांसाठी वाढवली. ज्वारी-बाजरीच्या भाकरीवर वाढलेल्या खान्देशासाठी कायद्यातला भरड धान्याचा उल्लेख मोलाचा आहे, कारण एरवी पिशवीत गहू-तांदूळच पडतो.

साक्री, शिरपूर, चोपडा या आदिवासी वस्तीच्या तालुक्यांतून मजूर कामासाठी बाहेरगावी जातात, अनेकदा गुजरातेत. ‘एक देश, एक रेशनकार्ड’ योजनेत महाराष्ट्र-गुजरात ही जोडी ऑगस्ट २०१९ मध्ये पहिल्या प्रयोगांत होती. आधार जोडलेले असेल तर आता कुठल्याही रेशन दुकानात ई-पॉस यंत्रावर अंगठा लावून धान्य घेता येते. काही वाटा तिकडे उचलला तरी उरलेला गावी राहिलेल्या म्हाताऱ्यांना मिळतो.

धान्य कमी मिळाले किंवा नाकारले गेले, तर १९६७ या क्रमांकावर तक्रार करता येते. हक्काचे धान्य मिळालेच नाही, तर कायद्यात अन्न सुरक्षा भत्त्याचीही तरतूद आहे.