नेसरीच्या हळदीत ‘पॉइंट नाइन्टीफाइव्ह’

लग्नाचे फोटो काढणारे चार जण एकत्र आले की हल्ली एक आकडा हमखास निघतो: पॉइंट नाइन्टीफाइव्ह. म्हणजे एफ ०.९५ ॲपर्चरची लेन्स. काही वर्षांपूर्वी हा आकडा नुसता ऐकायचा होता. ज्यांच्याकडं ती लेन्स असे त्यांचे फोटो बघायचे आणि गप्प बसायचं. आता चीनमधल्या शेन्झेनच्या टीटी आर्टिसन, सेव्हन आर्टिसन्स अशा कंपन्यांनी तोच आकडा कोरलेली लेन्स वीस हजार रुपयांच्या आसपास आणून ठेवली आहे. त्यामुळं कोल्हापूर-बेळगावातच नव्हे, गडहिंग्लज तालुक्यातल्या नेसरीसारख्या बाजारगावातल्या फोटोग्राफरच्या बॅगेतही ती सापडते.

नेसरीचं नाव महाराष्ट्राला माहीत आहे ते प्रतापराव गुजरांमुळं. २४ फेब्रुवारी १६७४ ला सरनौबत प्रतापराव आणि त्यांचे सहा सोबती बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले आणि सातही जण कामी आले, ती खिंड इथलीच. पण गावात फोटोचा धंदा चालतो तो लग्नसराईवर. तो दिवसापेक्षा रात्री जास्त चालतो, कारण हळद संध्याकाळची आणि वरात रात्रीची. अंगणात मांडव, मांडवाला दोन-चार बल्ब, गुलाबी-निळ्या एलईडीच्या माळा, समोर बेंजो. फोटोग्राफरच्या दृष्टीनं हा अंधारच. त्यात गिऱ्हाइकानं मोबाइलवर कुणाच्या तरी लग्नाचे फोटो दाखवलेले असतात आणि सांगितलेलं असतं, ‘दादा, मागचं सगळं असंच ब्लर येऊ दे.’ अंधारही भागवायचा आणि ब्लरही द्यायचा. ही दोन्ही कामं एका काचेत होतील असं कुणी सांगितलं की हात खिशाकडं जाणारच.

एफचा आकडा म्हणजे साधा भागाकार. लेन्सच्या फोकल लेंथला समोरून दिसणाऱ्या छिद्राच्या व्यासानं भागायचं. ५० मिलिमीटरची लेन्स एफ १.८ असेल तर ते छिद्र सुमारे २८ मिलिमीटर, एफ ०.९५ असेल तर जवळजवळ ५३ मिलिमीटर. प्रकाश छिद्राच्या क्षेत्रफळावर ठरतो, त्यामुळं ०.९५ मधून १.८ च्या साडेतीन पटींहून थोडा जास्त प्रकाश आत येतो. जिथं १.८ वर आयएसओ ३२०० लावावा लागतो, तिथं ०.९५ वर ९०० च्या आसपास भागतं. कागदावर हा फायदा खराच आहे.

आणि माणसाला त्याचं वेड जुनं आहे. कॅननची ५० मिलिमीटर एफ ०.९५ लेन्स १९६१ ची. लायकानं १९६६ साली पहिली नॉक्टिलक्स काढली ती एफ १.२ ची, आणि तिचे ॲस्फेरिकल पृष्ठभाग कारागिरांनी हातानं घासलेले होते. एफ ०.९५ ची नॉक्टिलक्स २००८ साली आली, तिची किंमत पुढं दहा हजार डॉलरच्या वर गेली. निकॉनची ५८ मिलिमीटर एफ ०.९५ नॉक्ट २०१९ ची: दोन किलो वजन, आठ हजार डॉलर, आणि तरीही फोकस हातानंच करायचा. या सगळ्यांच्या वर झाइसची ५० मिलिमीटर एफ ०.७ ची प्लॅनर. नासासाठी तयार झालेल्या या लेन्स जेमतेम दहा बनल्या. त्यातल्या तीन स्टॅन्ली क्युब्रिकनं मिळवल्या आणि १९७५ च्या ‘बॅरी लिंडन’मधली दालनं निव्वळ मेणबत्त्यांच्या उजेडात टिपली.

क्युब्रिकचा हा किस्सा फोटोग्राफरांच्या गप्पांत फार सांगितला जातो, पण अर्धाच. उरलेला अर्धा असा: त्याच्या हातातली फिल्म १०० एएसएची होती, ती धुताना ताणून २०० पर्यंत नेली होती. म्हणून एफ ०.७ ला पर्यायच नव्हता. आज साध्या मिररलेस कॅमेऱ्यातही ६४०० आयएसओवर कामचलाऊ फोटो निघतो. म्हणजे त्या फिल्मच्या बत्तीस पट. दुसरं म्हणजे फोकस टिकवण्यासाठी त्याच्या माणसांनी बाजूला काटकोनात दुसरा व्हिडिओ कॅमेरा लावला होता, आणि नटांना जागचं हलायची फारशी मुभा नव्हती. नवऱ्या मुलाच्या आत्याला हळद लावताना जागचं हलू नका म्हणून सांगून बघा.

मग लाखाची वस्तू वीस हजारात कशी बसते? यात जादू नाही, काटछाट आहे. पहिली काटछाट मापाची. टीटी आर्टिसनची ५० मिलिमीटर ०.९५ ही क्रॉप सेन्सरपुरतीच बनवलेली आहे. काचेला लहान चौकट भागवायची असली की ती लहान, हलकी आणि स्वस्त होते. हिचं वजन चारशे ग्रॅमच्या घरात आहे. फुल फ्रेम झाकणारी झोंगयीची स्पीडमास्टर ५० मिलिमीटर ०.९५ घ्या, ती सातशे ग्रॅमच्या पुढं जाते आणि पैसेही तिपटी-चौपटीनं लागतात. जाहिरातीत हे बारीक अक्षरात असतं. क्रॉप सेन्सरवरची ५० मिलिमीटर ०.९५ ही फुल फ्रेमवरच्या ७५ मिलिमीटर एफ १.४ इतकाच ब्लर देते. ‘नॉक्टिलक्ससारखा लूक’ म्हणून जे विकलं जातं ते इथंच निम्मं होतं.

दुसरी काटछाट यंत्राची. हिच्यात मोटर नाही, चिप नाही, पाण्या-धुळीपासून बचाव करणारं रबर नाही. कॅमेऱ्याला लेन्स लावल्याचा पत्ताच लागत नाही. मेनूत जाऊन ‘लेन्सशिवाय शटर’ हा पर्याय चालू केल्याशिवाय काही कॅमेरे फोटोच काढत नाहीत. लेन्स लावली, बटण दाबलं, काही झालं नाही, म्हणजे माल खराब आला, असं समजून दुकानदाराला फोन करणारे पुष्कळ असतात. कॅमेऱ्यात हादरे शोषणारा सेन्सर असेल तर ५० हा आकडाही हातानं भरावा लागतो.

तिसरी गोष्ट काटछाट नव्हे, तर काळाची मदत. जुन्या डीएसएलआरमध्ये लेन्स आणि सेन्सर यांच्यामध्ये आरसा असे, त्यामुळं कॅननमध्ये ४४ तर निकॉनमध्ये साडेसेहेचाळीस मिलिमीटर अंतर ठेवावं लागे. मिररलेसमध्ये आरसा गेला आणि सोनीत हे अंतर १८ वर आलं, निकॉन झेडमध्ये १६ वर. मागची काच सेन्सरच्या जवळ नेता आली की एवढं मोठं छिद्र साधणं सोपं जातं. शिवाय स्क्रीनवर चित्र मोठं करून किंवा कडांवर रंग उमटवून हातानं फोकस करायची सोय कॅमेऱ्यानंच दिली. चिनी कंपन्यांचा हा धंदा उभा राहिला तो या सोयीवर.

हे सगळं ठाऊक असूनही नेसरीत एका हळदीला मी ती लेन्स मित्राकडून मागून घेतली आणि पूर्ण उघडून वापरली. नवरी पाटावर बसलेली, मी मीटरभर अंतरावर. या अंतरावर ०.९५ ला स्पष्ट दिसणाऱ्या पट्ट्याची जाडी दीड सेंटिमीटरच्या आसपास भरते. माणसाच्या नाकापासून डोळ्यापर्यंतचं अंतर त्याहून जास्त असतं. तेव्हा झालं काय, तर नथीचा एकेक मोती मोजून घ्यावा इतका स्पष्ट आणि डोळे मात्र झोपेतून उठल्यासारखे. कडी केसभर फिरवली तर डोळा आला आणि नथ गेली. दोन्ही हवं असेल तर ॲपर्चर २.८ वर न्यायचं, आणि २.८ वर जायचं तर ०.९५ चे पैसे कशाला दिले, हा प्रश्न उरतोच.

काकवांचा घोळका पुढं आला तेव्हा तर हातच टेकले. हळद लावणारा हात पुढं येतो, नवरी लाजून मान मागं घेते, शेजारची करवली हसून पुढं झुकते. या तिन्ही हालचाली दीड सेंटिमीटरहून मोठ्या. आठ-दहा हजारांच्या ५० मिलिमीटर एफ १.८ मध्ये कॅमेरा स्वतः डोळा पकडून धरतो. तिच्यात आयएसओ वाढला, थोडी कणी आली, पण फोटो आला. कणी कमी करणारं सॉफ्टवेअर आहे. हुकलेला फोकस जागेवर आणणारं अजून तरी नाही. आणि हा फोटो शेवटी जातो कुठं? बारा बाय छत्तीसच्या अल्बमात आणि व्हॉट्सॲपच्या स्टेटसला. दोन्ही ठिकाणी ३२०० आयएसओची कणी कुणाच्या बापाला दिसत नाही.

काचेचे स्वभावदोषही सांगायला हवेत. पूर्ण उघडल्यावर चित्रावर दुधासारखी पातळ साय येते, काळा रंग राखाडी होतो. मुंडावळ्यांच्या मोत्यांना जांभळी कड येते, फोकसच्या मागच्या मोत्यांना हिरवट. मांडवातले मागचे बल्ब चौकटीच्या मधोमध गोल येतात, पण कडेला जाईल तसे मांजराच्या डोळ्यासारखे चपटे होतात. कोपरे काळवंडतात. १.४ वर आणलं की साय जाते, २ वर लेन्स शहाण्यासारखी वागते. सेन्सरचीही एक अडचण आहे. त्याच्या प्रत्येक बिंदूवर इवलंसं भिंग असतं, आणि इतक्या मोठ्या छिद्रातून येणारे फार तिरपे किरण ते नीट आत घेत नाही. त्यामुळं साडेतीन पट प्रकाशाचा हिशेब मांडवात पुरता वसूल होत नाही.

एलईडीची कटकट वेगळीच. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. स्वस्त माळांखाली शटर जलद केलं की फोटोत आडवे पट्टे येतात, म्हणून ते १/१०० वर किंवा त्याखाली ठेवावं लागतं. म्हणजे जास्तीचा प्रकाश मिळाला तरी तो शटर वाढवून नाचणारी पोरं गोठवण्यासाठी वापरता येत नाही. वेगवान लेन्स घेतली आणि वेगच वापरता आला नाही.

अंधाराला कोल्हापूरनं पूर्वी दिलेलं उत्तर मला या संदर्भात आठवतं. बाबूराव पेंटरांनी इथं स्वतःचा कॅमेरा घडवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. १९२३ च्या ‘सिंहगड’मध्ये रात्रीचा प्रसंग उभा करायचा होता. तेव्हाची फिल्म मंद, लेन्सही आजच्या मानानं अंधारी. बाबूराव चमत्कारी काच शोधत बसले नाहीत, त्यांनी कृत्रिम दिवे लावले. शंभर वर्षांनी गणित तेच आहे. पाच-सहा हजारांचा फ्लॅश पांढऱ्या छतावर किंवा छत्रीवर उलटवून मारला तर हळदीच्या मांडवाचं जे होतं, ते वीस हजारांची काच करू शकत नाही. फ्लॅशनं नाचणारा गोठतो, घोळका सगळा स्पष्ट येतो, आणि हळदीचा पिवळा रंग पिवळाच राहतो; एलईडीखाली तो कधी कधी चक्क हिरवा होतो.

मग ही लेन्स वाया का? तसंही नाही. हळद उतरल्यावर नवरी घरात एकटीच आरशासमोर बसली होती, खोलीत साठ वॅटचा एकच बल्ब. तिला हलायचं कारण नव्हतं, मलाही घाई नव्हती. पापणीवर फोकस करून पाच-सहा फोटो घेतले. त्यातल्या एकात भिंतीवरचे पोपडे, दोरीवरचे कपडे, कोपऱ्यातलं पिंप सगळं विरघळलं आणि चेहरा तेवढा राहिला. साय होती, ती या फोटोला शोभली. असला फोटो १.८ नं निघत नाही, आणि पुढं अल्बमात घरच्यांनी पहिला तोच उघडून दाखवला. व्हिडिओवाल्यांनाही हिचा उपयोग आहे, कारण ते मुळातच हातानं फोकस ओढायला सरावलेले असतात. दिवाळीच्या पणत्या, देवळातलं निरांजन, म्हाताऱ्या माणसाचा शांत चेहरा, असल्या कामाला ही लेन्स उभी राहते.

पण ती पोटाला घालणारी लेन्स नव्हे, आणि या भागात तिला एक जास्तीचा शत्रू आहे. आजरा-चंदगडच्या बाजूचा पाऊस. जूनपासून चार महिने घरात कपडे वाळत नाहीत, तिथं रबराचा बचाव नसलेल्या लेन्समध्ये दमट हवा शिरते आणि काचेवर बुरशीचं जाळं धरतं. सिलिका जेल घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवणं हा कमीत कमी उपाय. एकदा बुरशी धरली की साफ करून घ्यायचा खर्च आणि लेन्सची किंमत यात फार अंतर उरत नाही. जुनी म्हणून विकायला गेलं तरी भाव पडतो, कारण घेणाऱ्याला चार पैशांत नवी मिळते.

म्हणून नेसरी, आजरा, चंदगड पट्ट्यात नव्यानं धंद्याला उतरणाऱ्या पोरांना माझं सांगणं असं. आधी फ्लॅश घ्या. मग ऑटोफोकसची ५० किंवा ३५ मिलिमीटर एफ १.८ घ्या आणि एक सराई त्यावर काढा. त्यानंतरही ०.९५ चा मोह राहिला तर शहरात लेन्स भाड्यानं मिळते, एका हळदीपुरती आणून बघा. घरी येऊन पूर्ण उघडून काढलेले फोटो स्क्रीनवर मोठे करा आणि त्यातले डोळे किती आले ते स्वतः मोजा. निम्म्याहून जास्त आले तर बेलाशक घ्या. कमी आले तर ते वीस हजार दुसऱ्या कॅमेरा बॉडीसाठी बाजूला ठेवा. ऐन मुहूर्तावर पहिली बॉडी बंद पडली तर लग्न तीच वाचवेल.