दुखतं कानामागे, गाठ खांद्यात

भेंड्याचा ‘ज्ञानेश्वर’ आणि सोनईचा ‘मुळा’ हे साखर कारखाने पेटले की नेवासा तालुक्यातल्या उसाच्या फडांत ‘मान धरली’ ही तक्रार हमखास ऐकू येते. तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन बाया फळीवरून ट्रॉलीत चढतात, त्याही दिवसभर. गोळीने रात्र निघते, सकाळी मान पुन्हा आखडलेली.

मान आणि खांद्याचं टोक यांच्या मधोमध बोटं फिरवून पाहा. स्नायूत दोरीसारखा ताठ पट्टा लागतो, त्यात एक बारीक गाठ. ती दाबली की कळ मानेच्या कडेने कानामागे, कधी कानशिलापर्यंत चढते. हाच ट्रिगर पॉइंट. डोकेदुखीवर गोळ्या खाणाऱ्या कित्येकांच्या दुखण्याचं मूळ इथे असतं. अध्यक्ष केनेडींच्या डॉक्टर जॅनेट ट्रॅव्हेल यांनी डेव्हिड सिमन्स यांच्यासोबत १९८३ साली ग्रंथ काढून कुठल्या गाठीची कळ कुठे जाते याचे नकाशेच दिले. गाठ मुळात का होते, यावर मात्र तज्ज्ञांत अजून वाद आहे.

उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घेण्याची आपल्याकडे रीत. फिजिओथेरपिस्ट मात्र गाठीवर अंगठ्याने सोसेल इतका दाब देतो, अर्धा ते दीड मिनिट, कळ ओसरेपर्यंत. मग लगेच ताण: उजवीकडे दुखत असेल तर उजव्या हाताने खुर्चीची कड धरायची, डावा कान डाव्या खांद्याकडे झुकवायचा, तीस सेकंद थांबायचं. जुनाट गाठीत औषधाविना बारीक सुईही टोचतात. स्नायू क्षणभर फडफडतो आणि सैल पडतो. खाली फुप्फुसाचं टोक असतं, म्हणून हे काम शिकलेल्या हाताचंच. अल्ट्रासाउंडच्या मशीनवर माझा भरवसा कमी, कारण तिचे पुरावे तोकडे आहेत. खरा उपाय व्यायामाचा. सैल झालेला स्नायू बळकट केला नाही तर गाठ परत येते.

हाताला मुंग्या येत असतील, पकड ढिली पडली असेल, ताप असेल किंवा छातीत दाब वाटत असेल, तर चोळत बसू नका. आधी डॉक्टर गाठा.

मोळी लहान बांधा, हे सांगणं सोपं आहे. पण मजुरी टनावर मिळते. लोणीत आणि विळद घाटात फिजिओथेरपीची महाविद्यालयं आहेत, पण फड सोडून तिथे जायचं तर दिवसाचा रोज बुडतो. कारखान्यांनी हंगामात आठवड्यातून एक दिवस तरी फिजिओथेरपिस्ट ऊसतोड मजुरांच्या कोप्यांवर पाठवावा.