भोकराचे सोयरे

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस एका विद्यार्थ्यानें कुंपणाजवळचीं दोन रोपें वर्गांत आणिलीं. एक रानतुळशीचें, दुसरें छोट्या कल्प्याचें. "सर, दोहोंच्याही फुलाच्या तळाशीं चार चार दाणे आहेत, मग हीं एकाच कुलांतलीं ना?" असें त्यानें विचारिलें. प्रश्न मार्मिक होता; मोठमोठ्या पंडितांचीही येथेंच फसगत झाली आहे.

तुळशीचें खोड चौकोनी, फूल दोन ओठांचें व पुंकेसर चार. छोट्या कल्प्याचें खोड गोल, फुलाच्या पाकळ्या पांच व सारख्या, पुंकेसरही पांच. आणि सर्वांगावर राठ केस. या खरखरीतपणावरूनच लिनीअसनें अशा वनस्पतींचा एक गट कल्पिला होता. पुढें १७८९ मध्यें जूस्यू या फ्रेंच शास्त्रज्ञानें भूमध्यसागराकडील निळ्या फुलांच्या बोरेजवरून या कुलास नांव दिलें.

या कुलांतील कांहीं मंडळी आपल्या ओळखीचीच आहेत. पूर्वींच्या वर्गीकरणांत यांचे चार पोटविभाग करीत, व त्याची खूण बीजकोशाच्या दांडींत असे. भोकराची दांडी दोनदां दुभागून तिचीं चार टोकें होतात. दातरंगाची एकदांच दुभागते. भुरुंडीची दांडी अखंड असून ती बीजकोशाच्या माथ्यावर उभी असते. छोट्या कल्प्याची मात्र चार दाण्यांच्या मधून, अगदीं तळापासून निघते. भुरुंडीचा फुलोराही पाहण्याजोगा. तो विंचवाच्या नांगीसारखा वळलेला असून खालून वर उलगडत जातो.

चार दाण्यांच्या साम्यावरून क्रॉन्क्विस्ट या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९८१ मध्यें हें कुल तुळशीच्याच गणांत घातलें. पुढें वनस्पतींच्या पेशींतील आनुवंशिक द्रव्य तपासण्याची सोय झाली, तेव्हां दिसून आलें कीं, चार दाण्यांची रचना या दोन कुळांत स्वतंत्रपणें उत्पन्न झालेली आहे. म्हणून २०१६ च्या सर्वमान्य वर्गीकरणांत बोरेजचा गण निराळा मानून त्यांत एकच विस्तृत कुल ठेविलें. त्याच वर्षीं या गणाच्या खास अभ्यासकांनीं मात्र त्याचीं अकरा कुलें केलीं. त्यांच्या मतें भोकर, दातरंग व भुरुंडी हीं तीन वेगळ्या कुलांतलीं होत. म्हणजे सोयरीक सर्वांस मान्य, वाद आहे तो घर एक कीं अनेक एवढाच!

मीही कित्येक वर्षें चार दाणे दाखवून या वनस्पति तुळशीच्या निकटच्या आप्त म्हणून शिकवीत आलों. त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नानें मला माझीं जुनीं टिपणें काढून दुरुस्त करावीं लागलीं, व तें मी वर्गासमोरच केलें. एका खुणेवरून नातें ठरवूं नये, हा धडा गुरु व शिष्य दोघांसही सारखाच लागू आहे.

पालकांस एवढीच विनंति कीं, घरीं भोकराचें लोणचें घालतांना एक फळ मुलांच्या हातीं द्यावें. तो चिकट गर व आंतील कठीण बाठा त्यांनीं स्वतः पाहावा. पुस्तकांतील वर्गीकरणाचा आरंभ अशा पाहण्यांतूनच झालेला आहे.